टर्टन मिलचा गज

गुरुवार, १५ ऑगस्ट १९२९

नवे गोल आज उभे राहिले, मैदानाच्या दोन्ही टोकांना. जुने खांब पायथ्याशी कुजले होते, बोट लावलं की भुसा पडायचा. मैदान राखायचं काम आता माझं, म्हणून नवं लाकूड मीच निवडलं, मीच कापलं. दोन खांबांमध्ये आठ वार, जमिनीपासून आडव्या दांड्यापर्यंत दोन वार दोन फूट. दोनदा मोजलं. क्लबचा मॅनेजर लॉरिमर आला तेव्हा त्याच्यादेखत तिसऱ्यांदा मोजलं.

"हिंडल, हे फुटबॉलचं मैदान आहे, घड्याळ नाही," तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं की माप चुकलं तर खेळ खोटा. बावीस वर्षं टर्टन मिलच्या कापडखात्यात मी विणकरांचे ताके मोजले, याच गजाने. वारभर लांबीचं मेपलचं लाकूड, दोन्ही टोकांना पितळ, मध्ये फुटांच्या खुणा. मार्चमध्ये मिलला टाळं लागलं तेव्हा सुपरिंटेंडेंट म्हणाला, ज्याला जे हवं ते न्या. कोणी खुर्ची नेली, कोणी घड्याळ. मी गज मागितला तर तो क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "भिंतीवर लाव. शोभेल." माणसाला हत्यार कशासाठी असतं तेही या लोकांना ठाऊक नाही.

बोस्टनहून आलेली जाळी दोन्ही गोलांना आखूड पडली. अर्धा फूट ताणून बांधावी लागली. कारखानदाराला खरमरीत पत्र लिहिलं. माप सांगून मागवलं तरी हे लोक कात्री चालवतातच.

रविवार, ८ सप्टेंबर

घरच्या मैदानावर पहिला सामना, ब्रुकलिनशी. ५-४ ने जिंकलो. इतके गोल मी या मैदानावर कधी पाहिले नव्हते. आमचे फॉरवर्ड वाघासारखे खेळले.

गोलकीपर मात्र पटला नाही. ज्वाकिम आरुडा, कोलंबिया स्ट्रीटवरचा पोर्तुगीज, एकोणीस वर्षांचा. माझ्या माहितीप्रमाणे धंदेवाईक संघात गोलमध्ये उभा राहिलेला आपल्या शहरातला पहिला पोर्तुगीज. तपासून मगच इतिहासाच्या वहीत घेईन. (दक्षिण न्यू इंग्लंडातल्या धंदेवाईक फुटबॉलचा इतिहास आजवर कुणी लिहिलेला नाही. मी लिहितोय. नऊ वर्षांचा असताना शाळा सुटली, पुढचं सगळं वाचनालयात शिकलो. तिसरी वही चालू आहे.)

चारपैकी दोन गोल खांबाला घासून आत गेले. तो सूर मारतो, पण पोचत नाही. सामना सुरू व्हायच्या आधी तो या खांबापासून त्या खांबापर्यंत पावलं मोजत जातो आणि मधोमध टाचेने खूण करतो. आज मोजून झाल्यावर परत फिरून पुन्हा मोजली. मी जाळ्यामागे होतो.

"मिस्टर हिंडल, हा गोल मोठा आहे का हो?"

"आठ वार," मी म्हणालो. "मी मोजलाय."

"माझी आठ पावलं म्हणजे बरोब्बर आठ वार. इथे आठ टाकली तरी पंजाभर उरतंय."

मन थाऱ्यावर नसलं की माणसाची पावलं आखूड पडतात. तसं मी बोललो नाही, इथे लिहून ठेवतो.

मंगळवार, १ ऑक्टोबर

आकडे. घरी तीन सामने, आरुडावर आठ गोल. बाहेरगावी तीन सामने, फक्त दोन. आमचे घरी दहा, बाहेर तीन. म्हणजे आमच्या फॉरवर्डना घरच्या प्रेक्षकांचं बळ मिळतं. ते समजू शकतो. पण प्रेक्षकांच्या बळाने गोलकीपर बिघडल्याचं कधी ऐकलं नाही.

रेघा मारायला आणलेली चुन्याची पोतीही वेळेआधी संपली. चुनेवाल्याचा काटा बघायला हवा.

हॅनाला आकडे दाखवले. ती स्वेटर विणत होती. "घरी दोन्ही बाजूंना जास्त होतात की," ती म्हणाली.

"आपल्याला आपल्या गोलकीपरचं बघायचंय."

"तुला जे बघायचं तेच बघशील तू, एडविन." माझी बायको अकरा वर्षं टर्टनला विणकर होती. मागांच्या खडखडाटात इतकी वर्षं काढल्यावर बाई तर्काने बोलेल ही अपेक्षा चूक आहे.

रविवार, १३ ऑक्टोबर

न्यू बेडफर्ड, घरी, ३-३. सामना संपल्यावर फाटकापाशी तपकिरी हॅटचा एक इसम आरुडाशी बोलत होता. चांगला कोट, बूट चकचकीत, या गावचा नव्हे. आरुडा मान खाली घालून हसत होता. मी जवळ गेलो तसं बोलणं थांबलं.

१८९१ साली इथल्याच एका गोलकीपरने सट्टेवाल्यांना सामना विकला होता. पहिल्या वहीत पान चाळीसवर आहे. तेव्हाही सुरुवात फाटकापाशी झाली होती.

बुधवार, १६ ऑक्टोबर

सरावाच्या आधी आरुडा आईच्या हातचा गोड पाव घेऊन आला. गोल, वर अंड्याचा तकाकणारा रंग. "आईने दिलाय, मिसेस हिंडलना. दोघी शेजारच्या मागांवर होत्या ना." मी घरी आणला खरा, पण तोंडात घातला नाही. आपल्यावर नजर ठेवणाऱ्याच्याच घरी पाव का पाठवावा? हॅनाने तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाली, माझ्या वाटणीचाही तीच खाईल.

आई म्हणजे जस्टिना आरुडा. मला पक्की आठवते. १९२४ साली ती कापडखात्यात आली होती, हातात गाठी मारलेली दोरी. म्हणे अठ्ठेचाळीस वारांचा ताका तिच्या दोरीने एकोणपन्नास भरतो आणि मिल दर ताक्यामागे एक वार फुकट विणून घेते. चाळीस बायका जमल्या. मी सगळ्यांसमोर ताका टेबलावर अंथरला, गज लावत मोठ्याने मोजला. अठ्ठेचाळीस. "दोरी ताणते, बाई," मी म्हणालो. "पितळ ताणत नाही." मुकादम हसला, मग सगळेच. खोटी तक्रार केली म्हणून पुढच्या आठवड्यात तिच्याकडचे दोन माग काढून घेतले. तो निर्णय माझा नव्हता.

हॅना तेव्हा महिनाभर माझ्याशी नीट बोलली नव्हती. आईने जे मनात धरलं ते पोराने धरलं असेल का? माझ्याच मैदानावर सूड? हेही ध्यानात ठेवायला हवं.

बुधवार, ३० ऑक्टोबर

न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात काल हाहाकार झाला म्हणतात. इथे सगळे तेवढंच बोलतायत. मला त्यात कळत नाही आणि ज्यातलं कळत नाही त्यावर मी बोलत नाही.

पॉटकेटला गेलो होतो, रविवारी. १-० ने जिंकलो. आरुडाने डावीकडच्या खांबाला चिकटून आलेला चेंडू बोटांच्या टोकांनी बाहेर ढकलला. असा बचाव मी तीस वर्षांत दोनदा पाहिलाय. म्हणजे त्याला येतं. येत असून घरी करत नाही. तपकिरी हॅटवाला तिथेही स्टँडमध्ये होता, वहीत काहीतरी लिहीत होता. किती गोल द्यायचे ठरलं होतं ते तपासत असणार.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सरावानंतर आरुडा मैदानातच थांबला. सगळे गेले तरी खांबापासून खांबापर्यंत सूर मारत होता, कोपरं सोलली होती. माझ्याकडे आला.

"मिस्टर हिंडल, एक विनंती आहे. एकदा माझ्यासमोर मोजता का?"

मी गज आणला. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जमिनीवर टेकवत गेलो, तो बाजूने वाकून बघत होता. आठ. दांड्याची उंचीही दाखवली. त्याने उडी मारून दांड्याला हात लावला, खाली उतरला आणि बराच वेळ हाताकडे बघत राहिला.

"तुम्ही मोजलंत म्हणजे बरोबरच," तो म्हणाला. "मग चुकतंय ते माझंच."

चेहरा असा केला होता की दुसरा कोणी विरघळला असता. १८९१ चा गोलकीपरही मोठा भला दिसायचा म्हणतात.

रविवार, १७ नोव्हेंबर

प्रॉव्हिडन्स, घरी. २-४ ने हरलो. चारपैकी तीन खांबाला लागून. लोकांनी त्याची हुर्यो उडवली. तो जाळ्यातून चेंडू काढताना खांबावर हात फिरवत होता, जसा आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवतात.

सोमवार, १८ नोव्हेंबर

लॉरिमरला लेखी दिलं. मत एकही नाही, फक्त आकडे. घरी सात सामने, एकोणीस गोल, त्यांपैकी अकरा खांबापासून किंवा दांड्यापासून वीतभराच्या आत. बाहेर सहा सामने, पाच गोल. तपकिरी हॅटवाल्याच्या भेटी, तारखा, वेळा. १८९१ चा दाखला जोडला.

लॉरिमरने दोनदा वाचलं. "हिंडल, तुला खात्री आहे?"

"आकड्यांची आहे."

"आकड्यांची मलाही आहे. तू कधी आकडा चुकवत नाहीस, हीच तर पंचाईत आहे." कागदाची घडी करून त्याने खिशात टाकली. माझं कर्तव्य झालं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आरुडाला काढलं. लॉरिमरने ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांदेखत कारण सांगितलं नाही, पण भिंतींना कान असतात. दुपारपर्यंत कोलंबिया स्ट्रीटवर पोचलं असणार.

लॉरिमर नंतर माझ्याकडे आला. म्हणाला, तो तपकिरी हॅटवाला न्यूयॉर्कच्या एका क्लबचा माणूस होता, आरुडाला बघायला येत होता, नाताळनंतर घेणार होता. "मला त्यालाही कळवावं लागलं. संशय आहे म्हणून. तो पुढच्या गाडीने गेला." हे तो म्हणतो. खरंच क्लबचा माणूस होता का, याचा तपास केला पाहिजे.

आरुडा जाताना फाटकापाशी भेटला. बूट दोरीने बांधून गळ्यात अडकवलेले. मला वाटलं शिव्या देईल.

"मी सामना विकला नाही, मिस्टर हिंडल," तो म्हणाला. "आईच्या गळ्याची शपथ. पण मी का पोचत नव्हतो हे मलाच सांगता येत नाही. मग लोकांना काय सांगू?"

मी म्हणालो, ते आता त्याचं त्याने बघावं. आवाज मला वाटला होता तितका करडा निघाला नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगचा सामना, घरी. नवा गोलकीपर स्कॉटलंडचा, प्रशस्तिपत्रं घेऊन आलेला, माणूस निर्मळ. ४-५. पाचपैकी तीन खांबाला लागून.

बोटीच्या प्रवासाचा शीण असेल.

घरी टर्कीचं जेवण. जेवताना हॅना म्हणाली, "जस्टिना चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते आता. पुढे बसायची."

"पोराने जे केलं..."

"काय केलं? तू पाहिलंस?"

मी आकडे सांगायला लागलो. ती उठून ताटं धुवायला गेली.

सोमवार, ९ डिसेंबर

हॅनाने थिबो या फ्रेंच दुकानदाराकडून पडद्यांसाठी सहा वार कापड आणलं. तिची टेप सापडेना म्हणून माझ्या गजाने मोजलं. सहा भरलं नाही, साडेचार इंच कमी. मी पुन्हा मोजलं. साडेचार इंच कमीच. आपल्या बायकोला, तीही विणकर, गावातला दुकानदार साडेचार इंचांनी फसवतो. उद्या जाणार आहे. गज घेऊन.

मंगळवार, १० डिसेंबर

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी नऊला थिबोच्या दुकानात गेलो. पाच-सहा बायका होत्या. कापड काउंटरवर टाकलं, गजाने मोजून दाखवलं. थिबो तपकीर ओढत शांतपणे बघत होता. त्याच्या काउंटरच्या कडेला पितळेच्या खिळ्यांनी वार आखलेला आहे. त्याने माझा गज त्याला लावला. गज पाऊण इंच पुढे आला.

"तुमचं काउंटर आखूड आहे," मी म्हणालो.

"मस्यू, यावर शहराचा शिक्का आहे. दरवर्षी मारतात. तुमच्या काठीवर कुणाचा आहे?"

बायका हसल्या. मी म्हणालो, शिक्का मिळवता येतो, मीच सिटी हॉलमध्ये जाऊन तुमचं काउंटर जप्त करवतो. तो म्हणाला, "चला, मीही येतो, आज गिऱ्हाईक कमीच आहे." टोपी घालून निघालाच माझ्याबरोबर.

वजनमापे निरीक्षकाचं ऑफिस तळघरात आहे. म्हातारा माणूस, नाकावर चष्मा. तक्रार ऐकून घेतली. लाकडी पेटीतून सरकारी वार काढला, पोलादाचा, मखमलीत ठेवलेला. आधी त्याच्यावर थिबोने खिशातून आणलेली काउंटरच्या मापाची घडीची पट्टी ठेवली. बरोबर. मग माझा गज. त्याने टोक जुळवलं, दुसऱ्या टोकाला अंगठ्याचं नख लावलं.

"पाऊण इंच जास्त," तो म्हणाला. "कुठला?"

"टर्टन मिल. कापडखातं."

त्याने चष्म्यावरून बघितलं. "आणखी एक आला. अशी दुसरी काठी ऑक्टोबरात आली होती, त्याच मिलमधून. मिल चालू होती तोवर एकही बाहेर पडली नाही." मग गज उलटा करून टोकाचं पितळ दाखवलं. "हे झिजून झालेलं नाही. पितळ मागून बसवलंय. अठ्ठेचाळीसदा टेकवा, एक वार फुकट. ज्याने केलं त्याला हिशेब चांगला येत होता."

थिबो हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं.

निरीक्षक गज मोडून टाकणार होता. मी एका दिवसासाठी मागून घेतला. तशी चिठ्ठी लिहून सही करून दिली.

बुधवार, ११ डिसेंबर

थिबोच्या दुकानातून शिक्क्याची पोलादी टेप आणली. सकाळी मैदानात कोणी नव्हतं, जमीन गोठलेली.

पूर्वेचा गोल: चोवीस फूट सहा इंच. दांडा आठ फूट दोन इंच.
पश्चिमेचा गोल: तेच.
पेनल्टीची खूण: गोलपासून नऊ इंच जास्त दूर.

दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच. पंजाभर. त्याने सप्टेंबरातच सांगितलं होतं.

जाळी आखूड नव्हती. चुनेवाल्याचा काटा बरोबर होता. आमचे फॉरवर्ड वाघ नव्हते.

गुरुवार, १२ डिसेंबर

लॉरिमरला सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलला.

"कुणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलू नकोस. खांब काढ, दांडा सहा इंच काप, खांब दोन इंच, परत लाव. कळलं तर घरचा प्रत्येक सामना वादात पडेल. मालकाला आधीच लोक यायचे कमी झालेत म्हणून झोप नाही."

"आणि आरुडा?"

"आरुडा गेला. न्यू बेडफर्डला मासे उतरवतोय म्हणे. उगाच कशाला उकरतोस? हिंडल, तुझं नाव आहे या गावात. चुना मारणाऱ्यांत असं नाव कुणाचं असतं?"

दांडे आणि खांब कापले, परत लावले. बोटं बधिर झाली. मनात आलं, लॉरिमरचं तसं खरं आहे. दोन्ही संघ त्याच गोलांवर खेळले. कुणाचं नुकसान झालं? असं स्वतःला विचारलं आणि उत्तर इतकं लगेच आलं की कामात लक्ष लागेना.

रविवार, १५ डिसेंबर

कोलंबिया स्ट्रीटला गेलो. हॅनाला म्हणालो, तू बरोबर चल. ती म्हणाली, "नाही. हे तुझं तू कर." निरीक्षकाकडून गज आणखी काही दिवसांसाठी मागून घेतलाय.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, कोबीच्या सूपचा आणि सॉसेजचा वास. जस्टिना आरुडाने दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झालेत. मला ओळखलं, पण आत या म्हणाली नाही. ज्वाकिम मागे टेबलाशी होता, हाताला चिरा पडलेल्या. माशांचे काटे.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. गज किती लांब, गोल किती रुंद, कोणत्या तारखेपासून, पत्र मी लिहिलं. आकडे सांगताना माझा आवाज नीट होता.

ज्वाकिमने आधी विचारलं ते हे: "म्हणजे माझी पावलं बरोबर होती?"

"आठ. बरोब्बर आठ."

त्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि हसला. मग एकदम उठून खिडकीशी गेला, आमच्याकडे पाठ करून.

"न्यूयॉर्कच्या माणसालाही हे कळवाल?" तिथूनच म्हणाला.

"सगळ्यांना कळवेन. वर्तमानपत्रात देईन, माझ्या सहीने."

आई आतल्या खोलीत गेली आणि दोरी घेऊन आली. तीच. गाठी काळ्या पडलेल्या. नवरा जहाजावर होता तेव्हा जहाजाच्या सुताराच्या पट्टीवरून त्याने ती मापून दिली होती, हे मला आज कळलं. तेव्हा मी विचारलंच नव्हतं. तिने दोरी टेबलावर सरळ केली. मी खिशातली पोलादी टेप तिच्या शेजारी अंथरली. चार वारांत अर्ध्या इंचाचाही फरक नव्हता.

"दोरी ताणते," ती म्हणाली.

मी गज काढून दोरीशेजारी ठेवला.

"तुम्ही वही लिहिता. हॅना सांगायची. फुटबॉल, कप, कोण जिंकलं. सगळं." तिने गजाच्या पितळेवर बोट ठेवलं. "त्यात हे लिहा."

"हे फुटबॉलचं नाही, मिसेस आरुडा."

"कापडातूनच आला ना तुमचा फुटबॉल? मुलं काय खाऊन खेळली?"

पहिल्या वहीच्या पहिल्याच पानावर मी लिहिलंय की मिलवाल्यांनी लँकेशायरहून, स्कॉटलंडहून माणसं बोलावली, माग चालवायला आणि खेळायला, त्यातून इथला खेळ उभा राहिला. मग पुढे तीन वह्या फक्त गोल मोजत गेलो.

निघताना ती दारापर्यंत आली. "माझे माग गेले तेव्हा," ती म्हणाली, "हा सात महिने शाळा सोडून मिलमध्ये सुताच्या कांड्या उचलत होता. तेही लिहा."

घरी आल्यावर हॅनाला सांगितलं. तिने विणकाम खाली ठेवलं.

"माझेही ताके मोज, एडविन," ती म्हणाली. "अकरा वर्षांचे. तूच मोजलेस ते."

शुक्रवार, २० डिसेंबर

पत्र आज छापलं. दुसऱ्या पानावर, खाली, कोळशाच्या जाहिरातीशेजारी. त्यांनी माझं एक वाक्य कापलं, ते मी इथे ठेवतो: "या गजाने मी बावीस वर्षं माणसं खोटी ठरवली आणि त्याला मी अचूकपणा म्हणत होतो." छापलेल्या मजकुरात आकडे मात्र सगळे बरोबर आहेत. दोनदा ताडून पाहिले.

चहाच्या वेळी दोन विणकर बाया दारावर आल्या. एकीने गज बघायला मागितला, हातात धरला, तोलून पाहिला आणि परत दिला. दुसरीने मला विचारलं, मला खरंच माहीत नव्हतं का. नव्हतं, मी म्हणालो. तिने विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. मी तिच्या जागी असतो तर ठेवला नसता.

शनिवार, २८ डिसेंबर

लॉरिमरने बोलावलं. लीगने ठरवलं, दोन्ही संघ त्याच गोलांवर खेळले, निकाल तसेच राहतील.

"आता बातमी ऐक," तो म्हणाला. "तुझी जागा गेली. आरुडाला त्याची परत मिळाली. मालकाला दोन्ही एकदम सहन होणार नव्हतं."

चुन्याची गाडी, रोलर आणि किल्ल्या मोजून परत दिल्या. पोलादी टेप माझी आहे, ती ठेवली. गज आज निरीक्षकाकडे पोचवला. त्याने तो गुडघ्यावर ठेवून मोडला. मेपलचा आवाज बंदुकीसारखा येतो.

रविवार, ५ जानेवारी १९३०

पॉटकेटला गेलो, तिकीट काढून. पश्चिमेच्या गोलमागे उभा राहिलो. थंडीने शाई गोठली, म्हणून पेन्सिलीने लिहितोय.

ज्वाकिम या खांबापासून त्या खांबापर्यंत चालत गेला. मी मोजली. आठ. त्याने खांबाला हात लावला, परत फिरला नाही, मधोमध टाचेने खूण केली. मला बघितलं की नाही, सांगता येत नाही.

तपकिरी हॅटवाला स्टँडमध्ये होता, तिसऱ्या रांगेत. तपास केला, खरंच न्यूयॉर्कच्या क्लबचाच आहे.

हरलो, २-३. पहिला गोल कुणालाच अडवता आला नसता. दुसरा आमच्या बॅकच्या पायाला लागून वळला. तिसरा सरळ त्याच्याकडे येत होता, मुलगाही अडवेल असा, हळू. तो वाकला आणि चेंडू त्याच्या हातांखालून, पायांमधून आत गेला. लोक हसले. तो गोलमध्ये बसूनच राहिला, आणि मग तोही हसायला लागला.

तपकिरी हॅटवाला वहीत लिहीत होता. क्षणभर वाटलं, माझ्या वहीत तरी निराळं लिहावं, मैदान ओलं होतं, चेंडू घसरला. मैदान गोठलेलं होतं.

मी लिहिलं: तिसरा गोल, चौऱ्याहत्तरावं मिनिट, चूक पूर्णपणे आरुडाची.